जनुकोपचाराच्या उंबरठ्यावरची चाचणी

आनुवंशिकता शिकवताना इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची वंशावळ फळ्यावर काढली नाही, असा विज्ञानशिक्षक विरळाच. राणी स्वतः निरोगी होती, पण तिच्या एका एक्स गुणसूत्रावर हिमोफिलियाचे सदोष जनुक होते. मुलींमार्फत ते युरोपातील इतर राजघराण्यांत गेले आणि रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी याच्या वाट्याला हा आजार आला. जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, सांध्यांत रक्तस्राव होऊन ते सुजतात. हा हिमोफिलिया नेमका कोणत्या प्रकारचा होता, हे मात्र २००९ साली कळले. झार कुटुंबाच्या अस्थींमधील डीएनए तपासल्यावर दोष रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकात सापडला. म्हणजे तो 'हिमोफिलिया बी' होता.

याच हिमोफिलिया बी वरील पहिल्या जनुकोपचाराला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. 'हेमजेनिक्स' हे त्या औषधाचे नाव. सदोष जनुकाचे काम करणारे चांगले जनुक रुग्णाच्या यकृतापर्यंत पोहोचवायचे आणि तिथल्या पेशींकडून नववा घटक तयार करून घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. औषध शिरेतून एकदाच द्यायचे. किंमत ३५ लाख डॉलर ठेवली गेली, आणि तेव्हा ते जगातील सर्वांत महाग औषध ठरले.

'एकदाच' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. उपचार लागू पडला तर वर्षानुवर्षांची इंजेक्शने सुटतात. लागू पडला नाही तर तेच औषध पुन्हा देता येत नाही. असे का, आणि लागू पडेल की नाही हे आधी कसे ओळखायचे, हा आपल्या आजच्या लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर एका रक्तचाचणीवर अवलंबून आहे, आणि ती चाचणी सुधारण्याची खटपट अजून संपलेली नाही.

जनुकाचे वाहन

जनुक म्हणजे डीएनएचा तुकडा. तो नुसता रक्तात सोडला तर पेशीच्या आत शिरत नाही. त्याला वाहन लागते. पेशींत शिरण्याची कला विषाणूंना उत्तम साधलेली आहे, म्हणून विषाणूचेच वाहन करायचे ठरले. यासाठी आज सर्वाधिक वापरला जाणारा विषाणू म्हणजे ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस. आपण त्याला थोडक्यात एएव्ही म्हणू.

१९६५ साली ॲडिनो विषाणूंच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही फार लहान कण दिसले. ते ॲडिनो विषाणूंचे सोबती होते. त्यांना स्वतःची वाढ करायलाही दुसऱ्या विषाणूची मदत लागत असे. माणसाला त्यांच्यामुळे कोणता रोग होतो असे दिसलेले नाही. या कणाचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो, म्हणजे ४० हजार कण एका ओळीत ठेवले तर एक मिलिमीटर भरतो. बाहेर ६० प्रथिनांचे कवच आणि आत सुमारे ४,७०० अक्षरांची डीएनएची एकच साखळी, एवढाच त्याचा संसार.

या कवचातील विषाणूची जनुके काढून त्या जागी आपल्याला हवे ते जनुक भरतात. नवव्या घटकाचे जनुक या डब्यात आरामात मावते, कारण त्या प्रथिनाचा संदेश सुमारे १,४०० अक्षरांचा आहे. हिमोफिलिया ए मध्ये लागणारा आठवा घटक मात्र मोठा. त्याचा संदेश सुमारे ७,००० अक्षरांचा, म्हणून तो कापून आखूड करावा लागतो. एएव्हीचे अनेक प्रकार असून त्यांना १, २, ५, ८, ९ असे क्रमांक आहेत. प्रत्येकाच्या कवचाचा पृष्ठभाग थोडा वेगळा असतो. हेमजेनिक्समध्ये पाचव्या प्रकारचे, म्हणजे एएव्ही-५ चे कवच आहे.

आधीपासून बसलेले पहारेकरी

आता अडचण येते ती अशी. एएव्ही निसर्गात सर्वत्र आहे. लहानपणी कधीतरी आपल्यापैकी अनेकांना त्याचा संसर्ग होऊन जातो. ना ताप, ना खोकला, त्यामुळे पत्ता लागत नाही. पण शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची नोंद ठेवते आणि त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तात फिरत राहतात. पुढे अनेक वर्षांनी डॉक्टर तसेच कवच असलेले औषध शिरेतून देतात, तेव्हा ती कवचाला चिकटतात आणि वाहन यकृताच्या पेशीत शिरण्याआधीच अडवतात. आत उपयुक्त जनुक आहे की आणखी काही, हे त्यांना कळत नाही. त्यांची ओळख कवचाशी.

उपचार घेतल्यावर याच प्रतिपिंडांचे प्रमाण प्रचंड वाढते आणि दीर्घकाळ टिकते. म्हणून तीच मात्रा दुसऱ्यांदा देऊन उपयोग होत नाही.

थोडी प्रतिपिंडेदेखील किती अडथळा आणू शकतात, याची जाणीव २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून झाली. त्यात हिमोफिलिया बी असलेल्या रुग्णांच्या यकृतात एएव्ही-२ मधून जनुक पोहोचवले होते. सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी एकाच्या रक्तात प्रतिपिंडे नाममात्र होती. त्याच्या नवव्या घटकाची पातळी निरोगी माणसाच्या सुमारे ११ टक्क्यांपर्यंत चढली. दुसऱ्याच्या रक्तात ती काहीशी अधिक होती. त्याची पातळी सुमारे ३ टक्क्यांवरच थांबली. पुढे काही आठवड्यांत दोघांचीही पातळी उतरली. त्याचे कारण वेगळे होते, प्रतिकारयंत्रणेतील पेशींनी यकृतातील जनुक घेतलेल्या पेशींवर हल्ला केला होता. पण सुरुवातीचा फरक डोळ्यांत भरणारा होता. तेव्हापासून अशा अभ्यासांत रुग्ण घेण्याआधी प्रतिपिंडे तपासण्याचा आणि ती आढळल्यास रुग्णाला वगळण्याचा रिवाज पडला.

इथे शिक्षकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. 'प्रतिपिंडे आहेत' आणि 'नाहीत' यांच्यामध्ये रेषा कुठे ओढायची? परीक्षेत ३५ गुणांची रेषा असते. पण गुण देणारे दोन परीक्षक वेगळे असतील, तर एकाकडे उत्तीर्ण झालेला मुलगा दुसऱ्याकडे नापास होऊ शकतो. रक्तचाचणीचेही तसेच आहे.

लिंबू आणि आयोडीन

पुढचा भाग समजण्यासाठी आपण एक प्रयोग करू. तो वर्गात सहज करता येतो.

औषधांच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा आणि ते पाण्यात दहापट पातळ करा. भाताची पातळ पेज गाळून घ्या. लिंबाचा ताजा रस गाळून घ्या. सात परीक्षानळ्या ओळीने लावा. पहिल्या नळीत १० मिलिलिटर रस घाला, बाकीच्या सहांत प्रत्येकी ५ मिलिलिटर पाणी. पहिल्या नळीतील ५ मिलिलिटर रस दुसरीत घालून नीट ढवळा. दुसरीतले ५ मिलिलिटर तिसरीत, असे शेवटपर्यंत करा आणि शेवटच्या नळीतले ५ मिलिलिटर टाकून द्या. आता नळ्यांत अनुक्रमे पूर्ण, १/२, १/४, १/८, १/१६, १/३२ आणि १/६४ तीव्रतेचा रस आहे. प्रत्येक नळीत पेजेचे पाच थेंब घाला. मग पातळ आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकून ढवळा आणि मिनिटभर थांबा.

पेजेतील पिष्टामुळे आयोडीनला निळा रंग येतो, हे मुलांना ठाऊक असते. पण लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनला निष्प्रभ करते. म्हणून पहिल्या काही नळ्यांत निळा रंग टिकणार नाही आणि रस फार पातळ झाला की पुढच्या नळ्या निळ्या राहतील. निळा रंग न राहिलेली शेवटची नळी शोधा. समजा ती १/८ ची निघाली, तर 'या लिंबाचा आकडा ८' असे लिहू. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ब्युरेट घेऊन आपण जे टायट्रेशन करतो, त्याचाच हा भाऊबंद. म्हणूनच वैद्यकातही या आकड्याला टायटर म्हणतात.

आता खरी गंमत. सगळा प्रयोग त्याच लिंबाच्या रसाने पुन्हा करा, पण या वेळी आयोडीनचे दोनाऐवजी चार थेंब टाका. निळा रंग साधारण एक नळी अलीकडेच दिसू लागेल आणि आकडा ८ ऐवजी ४ येईल. आठ थेंब टाकले तर तो आणखी घसरेल. लिंबू तेच, रस तोच. मग लिंबाचा खरा आकडा कोणता? मुलांना हा प्रश्न विचारून थोडा वेळ गप्प बसावे. बहुतेक वेळा कोणीतरी म्हणतेच, 'सर, किती थेंब टाकले ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.' या एका वाक्यात आपल्या लेखाचे सार आहे.

प्रयोगशाळेत काय करतात

लिंबाच्या जागी रुग्णाचे सीरम घ्या. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते ते सीरम, प्रतिपिंडे त्यातच असतात. आयोडीनच्या जागी एएव्ही विषाणू घ्या. पिष्टाच्या जागी, म्हणजे विषाणू शिल्लक आहे की नाही हे सांगणाऱ्या दर्शकाच्या जागी, काचपात्रात वाढवलेल्या जिवंत पेशी घ्या. झाली निष्प्रभीकरणाची चाचणी.

सीरम आधी ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवतात. त्यामुळे त्यातील प्रतिपिंडांव्यतिरिक्तची काही संरक्षक प्रथिने निकामी होतात आणि चाचणीत लुडबूड करत नाहीत. मग लहान खळग्यांच्या ताटलीत सीरमची क्रमाने पातळ द्रावणे करतात. प्रत्येक खळग्यात ठरावीक विषाणू घालून मिश्रण सुमारे तासभर ठेवतात, म्हणजे प्रतिपिंडांना चिकटायला वेळ मिळतो. हे मिश्रण पेशींवर ओततात. एक-दोन दिवसांनी किती पेशींत विषाणू शिरला ते मोजतात.

हे मोजायचे कसे? यासाठी चाचणीच्या विषाणूत रोगावरचे जनुक न भरता सहज ओळखू येणारे एखादे जनुक भरतात. त्यांतले एक आपल्या ओळखीच्या प्राण्याचे आहे. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. काजव्याचा हा प्रकाश ल्युसिफरेज नावाच्या विकरामुळे निर्माण होतो. त्याचे जनुक १९८५ साली वेगळे करण्यात आले. ते जनुक घेऊन विषाणू पेशीत शिरला की पेशी ल्युसिफरेज बनवते, आणि योग्य रसायन घातले की प्रकाश पडतो. प्रकाश भरपूर म्हणजे विषाणू आत गेले. अंधार म्हणजे प्रतिपिंडांनी त्यांना अडवले. सीरमच्या ज्या पातळपणाला प्रकाश निम्म्यावर येतो, तो आकडा साधारणपणे टायटर म्हणून कळवतात. टायटर १०० म्हणजे ते सीरम शंभरपट पातळ केले तरी निम्मे काम अडवते.

ही कल्पना नवी नाही. सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या प्रतिविषाची ताकदही अशीच सांगतात. भारतात १ मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे, असा दंडक आहे. त्यात प्रतिपिंडे किती आहेत यापेक्षा ती किती विष थोपवतात, हे महत्त्वाचे. फरक एवढाच की प्रतिविषात आपल्याला भरपूर प्रतिपिंडे हवी असतात आणि जनुकोपचारात ती मुळीच नको असतात.

आकडा कुठे कुठे घसरतो

लिंबाच्या प्रयोगात थेंब वाढवले की आकडा उतरला. एएव्हीच्या चाचणीतील पहिली मोठी अडचण हीच आहे. यातले कित्येक प्रकार माणसाच्या यकृतात चांगले शिरतात, पण काचपात्रातील पेशींत शिरायला नाखूश असतात. मग दिसण्याजोगा प्रकाश मिळावा म्हणून एकेका पेशीमागे हजारो विषाणू घालावे लागतात. इतके विषाणू अडवायला प्रतिपिंडेही पुष्कळ लागतात. थोडी प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाचे सीरम अशा चाचणीत सरळ 'नाहीत' असे उत्तर देते.

त्यामुळे चाचणी सुधारण्याचा पहिला मार्ग म्हणजे कमी विषाणूंत भागवणे. त्यासाठी दोन बाजूंनी प्रयत्न झाले. एक, दर्शक अधिक तेजस्वी करणे. पूर्वी हिरवा प्रकाश देणारे प्रथिन वापरून उजळलेल्या पेशी मोजत. ल्युसिफरेजमुळे याहून कितीतरी क्षीण संदेश टिपता येऊ लागला. २०१२ मध्ये खोल समुद्रातील एका कोळंबीच्या विकरापासून घडवलेले नवे ल्युसिफरेज आले. ते काजव्याच्या विकरापेक्षा सुमारे १५० पट तेजस्वी आहे. दुसरा प्रयत्न म्हणजे पेशी अधिक 'स्वागतशील' करणे. एएव्ही पेशीत शिरताना ज्या ग्राही प्रथिनाचा आधार घेतो, ते २०१६ साली सापडले. हे प्रथिन जास्त बनवणाऱ्या पेशी वापरल्या किंवा ॲडिनो विषाणूची मदतनीस जनुके असलेल्या पेशी घेतल्या, तर थोड्या विषाणूंतही चांगला प्रकाश मिळतो.

दुसरी अडचण रिकाम्या कवचांची. विषाणू तयार करताना काही कवचांत जनुक भरलेच जात नाही. असे रिकामे डबे प्रकाश देत नाहीत, पण प्रतिपिंडे त्यांनाही चिकटतात आणि खर्ची पडतात. रिकामे डबे जास्त असतील तर त्याच सीरमचा आकडा कमी येतो. दोन प्रयोगशाळा 'पेशीमागे एक हजार जनुके' असे सारखेच प्रमाण वापरत असल्या तरी एकीच्या विषाणूंत निम्मे डबे रिकामे असतील, तर दोघींची उत्तरे जुळणार नाहीत. म्हणून जनुकांबरोबर एकूण कवचेही मोजावी लागतात.

तिसरी अडचण सीरमच्याच स्वभावाची. ते फारसे पातळ केलेले नसेल, तर प्रतिपिंडे नसतानाही त्यातील इतर पदार्थ प्रकाश कमी-जास्त करू शकतात. म्हणून प्रतिपिंडे काढून टाकलेले सीरम तुलनेसाठी बरोबर ठेवतात. शिवाय या जिवंत पेशी आहेत. आज त्या तरतरीत असतील, उद्या थोड्या मंद. त्यामुळे एका पायरीचा, म्हणजे दुपटी-निमपटीचा फरक अशा चाचण्यांत चालायचाच असे धरतात.

चिकटणे वेगळे, अडवणे वेगळे

पेशींची ही कटकट टाळण्यासाठी दुसऱ्या प्रकारची चाचणीही करतात. ताटलीच्या तळाला एएव्हीची कवचे चिकटवून ठेवायची, त्यावर सीरम घालायचे आणि किती प्रतिपिंडे चिकटून राहिली ते रंगावरून किंवा प्रकाशावरून मोजायचे. ही चाचणी झटपट होते आणि तिची उत्तरे जास्त एकसारखी येतात. पण ती प्रतिपिंडांचे चिकटणे मोजते, अडवणे नाही. दाराला हात लावून उभा असलेला प्रत्येक माणूस दार अडवतोच असे नाही.

या दोन चाचण्यांत किती अंतर पडू शकते? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच पाहणीत २२६ निरोगी लोकांचे रक्त दोन्ही प्रकारे तपासले होते. एएव्ही-२ ला चिकटणारी प्रतिपिंडे ७२ टक्के लोकांत आणि अडवणारी ५९ टक्क्यांत आढळली. एएव्ही-५ च्या बाबतीत चिकटणारी ४० टक्क्यांत, तर अडवणारी फक्त ३.२ टक्क्यांत.

हा ३.२ आकडा दोन प्रकारे वाचता येतो. एएव्ही-५ ला अडवणारी माणसे खरोखरच विरळ असतील. किंवा एएव्ही-५ काचपात्रातील पेशींत नीट शिरत नसल्याने विषाणू जास्त घालावे लागले असतील आणि थोडी प्रतिपिंडे चाचणीच्या नजरेतून सुटली असतील. नुसत्या आकड्यावरून निकाल लागत नाही. तो लागायला रुग्णांकडेच जावे लागले.

नवी चाचणी, जुनी रक्ते

हेमजेनिक्सच्या आधी त्याच कंपनीने एएव्ही-५ मधून नवव्या घटकाचे जनुक दहा रुग्णांना दिले होते. उपचाराआधी सर्वांची निष्प्रभीकरणाची चाचणी झाली होती. ती हिरव्या प्रकाशाच्या प्रथिनावर आधारलेली होती आणि दहाही जण 'प्रतिपिंडे नाहीत' असे ठरले होते. पुढे ल्युसिफरेजवर आधारलेली अधिक संवेदनशील चाचणी हाती आली. तेव्हा साठवून ठेवलेले उपचारापूर्वीचे नमुने पुन्हा तपासले. दहापैकी तिघांत प्रतिपिंडे निघाली.

म्हणजे नवी चाचणी आधीपासून असती, तर रिवाजाप्रमाणे हे तिघे वगळले गेले असते. प्रत्यक्षात त्यांना उपचार मिळाला होता आणि त्याचा परिणाम इतर सात जणांपेक्षा कमी दिसला नव्हता. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणी सुधारल्यावर 'आणखी रुग्ण वगळा' असा धडा मिळेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. मिळाला तो उलटा. एएव्ही-५ च्या बाबतीत थोडी प्रतिपिंडे उपचाराच्या आड येत नाहीत.

याचा उपयोग पुढच्या मोठ्या अभ्यासात झाला. त्यात ५४ रुग्ण होते आणि प्रतिपिंडे असलेल्यांना मुद्दाम वगळले नव्हते. २१ जणांत ती होती. टायटर ६७८ पर्यंत असलेल्यांना उपचार लागू पडला. एकाचा टायटर ३,२१२ होता, त्याला लागू पडला नाही. ६७८ आणि ३,२१२ यांच्या मध्ये कोणी रुग्णच नव्हता. त्यामुळे खरी सीमा या दोन आकड्यांत नेमकी कुठे आहे हे अभ्यासावरून सांगता येत नाही. सावधगिरी म्हणून युरोपातील माहितीपत्रकात ६७८ हीच रेषा धरली आहे. गमतीची गोष्ट म्हणजे तिथेच एक पुरवणी आहे. हा ६७८ आकडा सात पातळ्यांच्या विरलनाने केलेल्या चाचणीचा आहे. नऊ पातळ्यांच्या चाचणीत तीच रेषा सुमारे ९०० वर येते. लिंबाचा प्रयोग केलेल्या मुलांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

हिमोफिलिया ए वरील 'रॉक्टेव्हियन' या औषधातही एएव्ही-५ चेच कवच आहे. अमेरिकेत जून २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती चिकटणारी प्रतिपिंडे मोजणाऱ्या एका ठरावीक चाचणीसह, आणि अट अशी की प्रतिपिंडे आढळली तर औषध द्यायचे नाही. याउलट एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या 'बेक्वेझ' या हिमोफिलिया बी वरील औषधाला पेशींवरच्या चाचणीची जोड होती. हे औषध पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने बंद केले. स्नायूंच्या आजारांकडे वळलो, तर 'झोलगेन्स्मा' या औषधाच्या अभ्यासांत चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची मर्यादा ५० होती, तर 'एलेव्हिडिस'साठी ४०० किंवा अधिक टायटर असल्यास औषध देऊ नये असा सल्ला होता. ५०, ४००, ६७८, ९०० हे आकडे शेजारी मांडून लहान-मोठे ठरवता येणार नाहीत. ते वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत.

दोन प्रकारच्या चुका

चाचणी चुकली तर काय होते, हे मुलांपुढे स्पष्ट मांडावे. प्रतिपिंडे असताना ती नाहीत असे ठरले, तर रुग्णाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे २० लाख कोटी विषाणूकण दिले जातात आणि ते वाया जातात. यकृतावरचा ताण, औषधाचे धोके त्याला सोसावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या रक्तात आता इतकी प्रतिपिंडे तयार होतात की उद्या अधिक चांगले औषध आले तरी तसल्या कवचाचे दार त्याला बंद झालेले असते. उलट, निरुपद्रवी प्रतिपिंडांना घातक समजून नाही म्हटले, तर ज्याला उपयोग झाला असता असा माणूस बाहेर राहतो. हा अन्याय दिसतही नाही, कारण न दिलेल्या उपचाराचा परिणाम कोणी मोजत नाही.

चाचणी अधिक संवेदनशील केली की पहिली चूक कमी होते, पण दुसरी वाढू शकते. म्हणून सुधारणा म्हणजे केवळ नजर तीक्ष्ण करणे नव्हे. दिसलेल्या प्रत्येक आकड्याला रुग्णाच्या शरीरात काय अर्थ आहे, हे शोधणे ही सुधारणेची दुसरी आणि अधिक कठीण बाजू आहे. ताटलीत पेशी, विषाणू आणि प्रतिपिंडे यांचे जे प्रमाण असते ते माणसाच्या रक्तात नसते. त्यासाठी रुग्णांचे नमुने जपून ठेवणे, नवी पद्धत आली की ते पुन्हा तपासणे आणि निकाल उघड करणे हाच मार्ग आहे. दहा रुग्णांच्या जुन्या नमुन्यांनी तो दाखवून दिला.

आणखी एक गरज समान मापाची आहे. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तरे असतात आणि वर मॉडरेटर असतो, म्हणून नागपूरचा आणि कोल्हापूरचा परीक्षक बऱ्याच अंशी सारखे गुण देतात. तसाच एखादा समान नमुना, उदाहरणार्थ असंख्य रक्तदात्यांच्या रक्तातून एकत्र केलेली प्रतिपिंडे, प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या चाचणीत बरोबर चालवला आणि रुग्णाचा आकडा त्याच्या तुलनेत सांगितला, तर निरनिराळ्या ठिकाणचे निकाल एका भाषेत बोलू लागतील.

काही संशोधक प्रतिपिंडांवरच उपाय शोधत आहेत. घशाला संसर्ग करणाऱ्या एका जिवाणूकडे प्रतिपिंडे तोडणारे विकर असते. ते आधी देऊन मग जनुक द्यायचे, असे प्राण्यांवरील प्रयोगांत २०२० मध्ये दाखवले गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने वेगळीच वाट धरली. तिथे हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांच्या स्वतःच्या रक्तजनक पेशी बाहेर काढून त्यांत लेंटिव्हायरस या दुसऱ्या वाहनाने जनुक भरले आणि त्या पेशी परत दिल्या. विषाणूशी पेशींची भेट शरीराबाहेर होत असल्याने एएव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा प्रश्नच आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा उपचारानंतर पाचही जणांना रक्तस्राव झालेला नव्हता.

वर्गात व्हिक्टोरियाची वंशावळ पुन्हा काढाल, तेव्हा अलेक्सीच्या नावापाशी थोडे थांबावे असे आम्ही सुचवतो. त्याच्यासारख्या मुलाला आज जनुकोपचार द्यायचा की नाही, हे ठरवताना डॉक्टरांच्या हातात एक कागद असेल आणि त्यावर एक आकडा. तो आकडा एकट्या रक्ताचा नसतो, रक्त आणि चाचणी दोघांचा मिळून असतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत 'किती थेंब' हा रकाना का भरायचा असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला हे उदाहरण सांगता येईल.